पकडीचं मोल: बचावपटूंवरच्या बोलीचा वाद आज कुठे आला आहे

मार्च २०२४ मध्ये नगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची वरिष्ठ गट राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा भरली होती. त्याच महिन्याच्या एक तारखेला हैदराबादेत पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं होतं, आणि त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्याचाच. त्यामुळे दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत गॅलरीत बोलणं निघायचं ते पलटणचं. त्यातही एकच विषय फिरून फिरून येई: इराणचा डावा कोपरा, मोहम्मदरेझा शादलुई. पुढच्या लिलावात त्याला ठेवायचा की सोडायचा? आणि एका पकडणाऱ्यावर संघाची निम्मी थैली रिकामी करणं, हा शहाणपणा की हौस?

त्यानंतर दोन लिलाव झाले, दोन पर्वं खेळून झाली. वाद मात्र नगर-पुणे एसटीत, तालमीत, गावच्या जत्रेतल्या मैदानावर अजून तसाच चालू आहे. त्यातल्या बाजू कोणत्या, कुणाच्या हाती कोणता पुरावा आहे आणि काय अजून सुटलेलं नाही, ते एकदा नीट मांडून बघण्यासारखं आहे.

मातीतला मान

आधी थोडं मागे जायला हवं. हुतूतू म्हणा की कबड्डी, आपल्याकडे हा खेळ शाळेच्या पटांगणात आणि गावच्या मातीत वाढला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवला, आणि पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी त्याची संघटना बांधण्यात आयुष्य घातलं. बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताने सुवर्ण घेतलं.

या सगळ्या काळात टाळ्या कुणाला? चढाई करणाऱ्याला. रात्री दिव्यांच्या उजेडात सामना चाललाय, एकटा गडी सात जणांत शिरतो, बोनस उचलतो, पाय मारतो आणि मध्यरेषेवर झेप टाकतो. लोकांना घरी जाताना तेच आठवतं. स्पर्धेच्या शेवटी 'उत्कृष्ट चढाई' आणि 'उत्कृष्ट पकड' अशी दोन बक्षिसं एकाच टेबलावर मांडलेली असतात खरी, पण पोरांची गर्दी कुणाभोवती होते ते सांगायला नको. जुने जाणकार मात्र कोपऱ्याकडे बघायचे. चढाईवाला कोपऱ्यापासून हातभर लांब राहतोय का, यावर ते त्या कोपऱ्याची किंमत करत. ही सवय लक्षात ठेवावी, कारण आजच्या वादाचं मूळ तिथेच आहे.

खेळ मॅटवर आल्यावर बचावाचं तंत्र बदललं. बुटांमुळे पाय घट्ट रोवता येतो, धडक जोरात देता येते. पण घोट्याची पकड चुकली तर सावरायला मातीत मिळायचा तो क्षण आता मिळत नाही. चढाईला तीस सेकंद. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाहेर. या 'करो या मरो' चढाईने बचावाच्या हातात एक नवं हत्यार दिलं: थांबून राहणं. आता संघ मुद्दाम दोन चढाया रिकाम्या जाऊ देतात आणि तिसरीला सापळा लावतात.

बोलीचे आकडे

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. आज हा आकडा वाचताना हसू येतं. पण बचावपटूला कधीच भाव नव्हता, असं जे सर्रास बोललं जातं, ते खरं नाही. २०१६ मध्ये, चौथ्या पर्वासाठी, सर्वांत मोठी बोली लागली ती मोहित छिल्लर या बचावपटूवर: ५३ लाख, बंगळूरू बुल्स. पुढच्याच वर्षी संघ आठाचे बारा झाले आणि चढाईपटूंचा भाव एकदम वर गेला. नितीन तोमर ९३ लाखांना गेला. तरी त्याच लिलावात सुरजित सिंगसारख्या बचावपटूलाही ७३ लाख मिळालेच.

२०१८ मध्ये कोटीचा उंबरठा ओलांडला गेला. यू मुंबाने फझल अत्राचलीला एक कोटीला घेतलं, आणि कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला बचावपटू ठरला. पण त्या लिलावात त्याच्या पुढे पाच चढाईपटू होते. मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांवर. नंतर सिद्धार्थ देसाई १.४५ कोटी, प्रदीप नरवाल १.६५ कोटी, पवन सेहरावत आधी २.२६ कोटी आणि मग २ कोटी ६० लाख ५० हजार. हा शेवटचा आकडा ऑक्टोबर २०२३ च्या लिलावातला. त्याच लिलावात पुणेरीने शादलुईसाठी २.३५ कोटी मोजले.

तेव्हा संघाची एकूण थैली पाच कोटींची होती. म्हणजे शंभरातले सत्तेचाळीस रुपये एका गड्यावर, आणि उरलेल्या त्रेपन्नांत बाकी सगळा संघ. नगरच्या भाषेत सांगायचं तर एका बैलावर निम्मा बाजार. या खरेदीला आणखी एक किनार होती. लिलावाच्या दोनच दिवस आधी, ७ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण समोरासमोर होते. राखीव क्षेत्राच्या नियमावरून खेळ बराच वेळ थांबला, आणि शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्ण घेतलं. भारताच्या संघात अस्लम होता, इराणच्या संघात शादलुई. अठ्ठेचाळीस तासांत दोघे एकाच संघाचे झाले.

चढाईच्या बाजूचं म्हणणं

पहिली बाजू गुणफलकावर बोट ठेवते. साध्या पकडीला एक गुण मिळतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला, ज्याला वर्तमानपत्रं अव्वल पकड म्हणतात, दोन. याहून जास्त बचावपटूला मिळवायला काही नाही. चढाईवाला मात्र एका दमात बोनससह तीन-चार गुण आणू शकतो. शिवाय पकड फसली तर जितक्या जणांनी हात लावला तितके बाहेर. म्हणजे बचावपटू कमावतो एकेक आणि गमावतो दोन-तीन.

इतिहासही या बाजूच्या हातात पुरावे देतो. पाटणा पायरेट्सने सलग तीन विजेतेपदं घेतली ती प्रदीप नरवालच्या चढायांवर. पाचव्या पर्वात त्याचे चढाईचे गुण ३६९ होते. त्या पर्वाच्या अंतिम सामन्यात समोर गुजरात होता आणि त्याच्या दोन्ही कोपऱ्यांत फझल आणि अबोझर मिघानी ही इराणी जोडी. निकाल ५५-३८, पाटणाच्या बाजूने. पुढच्या पर्वात पुन्हा गुजरात अंतिम फेरीत, पुन्हा मजबूत बचावाच्या बळावर, आणि या वेळी पवन सेहरावतने एकट्याने २२ गुण घेऊन बंगळूरूला ३८-३३ ने जिंकवलं. तगड्या बचावावर अंतिम फेरी गाठता येते, ती जिंकायची तर चढाईच हवी, असा या बाजूचा निष्कर्ष. तो सहज खोडून काढता येणार नाही.

बचावाच्या बाजूचं म्हणणं

दुसरी बाजू म्हणते, गुणफलक अर्धंच सांगतो. पकड झाली की गुण मिळतो, आपला एक गडी परत येतो आणि समोरचा सर्वांत चांगला चढाईवाला बाकावर बसतो. तो बसला की पुढची दोन-तीन मिनिटं समोरच्या संघाची चढाई दुय्यम हातात जाते. पवनसारखा चढाईवाला बाहेर बसलेला असताना त्याच्या संघाचं काय होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला पकडीचा गुण 'एक' वाटत नाही.

यातला सर्वांत बळकट मुद्दा मात्र मोजता न येणारा आहे, म्हणून आकडेवारीत तो कुठेच दिसत नाही. भीतीचा कोपरा. डाव्या कोपऱ्यात शादलुई उभा असेल तर चढाईवाला त्या अंगाला जातच नाही. निदान रेषा ओलांडतो, उजवीकडे सरकतो आणि परत फिरतो. ती चढाई कागदावर 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. ती रिकामी कुणी केली, याचा रकाना नाही. गावच्या मैदानावर म्हातारे बघायचे ते हेच.

शादलुईचे नोंदलेले आकडेही लहान नाहीत. पाटणासाठी आठव्या पर्वात पकडीचे ८९ गुण, नवव्यात दिल्लीविरुद्ध एकाच सामन्यात १६, आणि पुणेरीच्या विजेत्या पर्वात ९९. एका पर्वात शंभर गुणांचा टप्पा नितेश कुमारने सहाव्या पर्वात पहिल्यांदा गाठला होता. शादलुई त्याच्या एक गुण अलीकडे थांबला.

तीन पर्वांची साक्ष, आणि तिसरी बाजू

इथे वाद खरा रंगतो, कारण गेल्या तीन पर्वांनी जणू प्रयोगच मांडून दाखवला. गडी तोच, संघ तीन.

दहावं पर्व. शादलुई पुणेरीत. पलटणने अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. उत्कृष्ट बचावपटू शादलुई, आणि पर्वाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू अस्लम इनामदार. एवढी कमी गुणांची अंतिम लढत हीच बचावाची जाहिरात होती, असं बचाववाले म्हणतात. चढाईवाले लगेच आठवण करून देतात, की त्या सामन्याचा तोल फिरवला पंकज मोहितेच्या चार गुणांच्या चढाईने.

अकरावं पर्व. पुणेरीने शादलुईला सोडलं. हरियाणाने त्याला २.०७ कोटींना घेतलं आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी, तेही पुण्याच्या बालेवाडीत, पाटणाला ३२-२३ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. शादलुई त्या पर्वाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू. पुणेरी पहिल्या सहातही नाही. त्या हिवाळ्यात नगरमध्ये 'बघा, सांगत होतो' म्हणणाऱ्यांची चलती होती. अस्लम दुखापतीने मध्येच बाहेर गेला होता, हे त्या जोरात कुणी फारसं ऐकून घेत नव्हतं.

बारावं पर्व. शादलुई गुजरातकडे, २.२३ कोटी, लिलावातली सर्वांत मोठी बोली. गुजरात बाद फेरीत पोहोचला नाही. आणि पुणेरी, त्याच्याविना, अंतिम फेरीत.

या तीन ओळी एकत्र वाचल्या की तिसरी बाजू पुढे येते. ती म्हणते, तुम्ही कोपरा मोजताय, साखळी मोजतच नाही. पुणेरीच्या विजेत्या संघात डावीकडे शादलुई होता, पण उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत होते. कोपऱ्याने घोटा धरला आणि कव्हरने त्याच क्षणी धडक दिली नाही, तर चढाईवाला धरणाऱ्याला ओढत रेषेपर्यंत नेतो. कोपरा कितीही मोठा असो, शेजारचा गडी अर्धा श्वास उशिरा आला की पकड गेली. हा अर्धा श्वास विकत मिळत नाही. एकत्र सराव करून तो जमतो, आणि जमायला वर्षं लागतात.

पुणेरीची बांधणीच या बाजूचा मुख्य दाखला आहे. अस्लम आणि मोहित गोयत आठव्या पर्वात नवोदित म्हणून संघात आले. 'युवा पलटण' या नावाने संघाने खालची फळी उभी केली, आणि खत्री-अबिनेशसारखे गडी वर्षानुवर्षं टिकवले. बाराव्या पर्वात मोठी बोली लावली तीही चढाईपटूवर, सचिन तन्वरवर, १.०५८ कोटींची. बचाव मात्र घरचा ठेवला. बचाववाल्यांना हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. ते विचारतात, घरचा बचाव एवढा पक्का होता तर अंतिम फेरीत जाताना तेलुगू टायटन्सविरुद्ध ४५ गुण का दिले? (५० घेतले म्हणून निभावलं.) प्रश्न रास्त आहे.

मला स्वतःला साखळीवाल्यांचं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ वाटतं. पण त्यात एक सोय लपली आहे, तीही सांगायला हवी. संघ जिंकला की 'साखळी' आणि हरला की 'साखळी जुळली नाही', असं म्हणून कोणताही निकाल समजावता येतो. जे मत कधीच चुकत नाही, ते तपासणार कसं?

आपला गडी, बाहेरचा गडी

या वादाला एक मराठी शेपूट आहे, आणि नगरमध्ये तेच कधीकधी मूळ वादापेक्षा लांब होतं. पुण्याच्या नावाचा संघ, मग बचाव इराणी आणि हरियाणवी का? महाराष्ट्राने कोपरे आणि कव्हर दिले नाहीत का? दिले. गिरीश इरनाक, विशाल माने, चिपळूणकडचा शुभम शिंदे, संकेत सावंत. आपल्याच जिल्ह्याचा शंकर गदईही प्रो कबड्डीच्या मॅटवर उतरला. जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं, त्या संघात इरनाक होता.

याचं उत्तर देणारे सांगतात, की लीग जिल्ह्यांची किंवा राज्यांची नाही. हरियाणाला पहिलंच विजेतेपद मिळालं तेही इराणच्या गड्याच्या बळावर, आणि तिथे कुणी तक्रार केली नाही. त्यांचं आणखी एक म्हणणं आहे, जे थोडं झोंबतं. आपल्या स्थानिक स्पर्धा चढाईवाले घडवतात. वीस मिनिटांचा डाव, प्रेक्षकांना गुण हवेत, आयोजकांना गर्दी हवी. तिथे तीस सेकंद शांत उभं राहून तिसऱ्या चढाईची वाट बघणारा कोपरा कंटाळवाणा वाटतो. इराणच्या गड्यांचं तसं नाही. त्यांच्या कुस्तीची पकड, कंबरेची ताकद आणि हाताची पोलादी मिठी थेट कबड्डीत उतरली आहे. कुस्ती तर नगर जिल्ह्यालाही परकी नाही. मग आपल्या तालमीतली ती मिठी मॅटपर्यंत का पोहोचत नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ मोजणीची. पकडीचे गुण, यशस्वी पकडींचं प्रमाण, एका सामन्यात पाच गुण म्हणजे 'हाय फाइव्ह', एवढंच आपण मोजतो. टाळलेला कोपरा, दुसऱ्याच्या पकडीला दिलेली साथ, तीस सेकंद रोखून धरलेली चढाई, यांचं माप ठरेपर्यंत बचावपटूची बोली अंदाजावरच लागणार.

दुसरी गाठ लिलावाच्या रचनेची. साखळी जुळायला वर्षं लागतात आणि लिलाव दरवर्षी येतो. 'फायनल बिड मॅच'च्या सोयीने जुना संघ शेवटची बोली जुळवून आपला गडी परत घेऊ शकतो, पण तेवढे पैसे थैलीत उरले तर. दुसऱ्याने बोली मुद्दाम चढवली तर तीच सोय महाग पडते.

तिसरी गाठ भारतीय बचावपटूच्या भावाची. सुनील कुमारला यू मुंबाने २०२४ मध्ये १.०१५ कोटी दिले, आणि पुढच्या वर्षी योगेश दहिया १.१२५ कोटींना बंगळूरूकडे गेला. आकडा चढतोय, पण शादलुईच्या निम्म्यावरच आहे. हा फरक खेळाचा आहे, की बाजार एका नावामागे धावतोय, यावर जाणकारांत एकमत नाही.

चौथी गाठ वयाची. चढाईवाल्याचा पाय तिशीच्या आसपास मंदावतो, असं सर्रास म्हटलं जातं. कोपऱ्यातला गडी मात्र अंदाजावर खेळतो आणि अंदाज वयाबरोबर पिकतो. तरी लिलावात त्याचा भाव चढाईवाल्यासारखाच उतरतो. फझल अत्राचली हे याचं ठळक उदाहरण. लीगमध्ये पकडीचे ५०० गुण गाठणारा तो पहिला, आणि दहाव्या पर्वासाठी गुजरातने त्याला १.६० कोटी मोजले होते. जून २०२५ पर्यंत चाललेल्या बाराव्या पर्वाच्या लिलावात दहा जण कोटीच्या पुढे गेले. त्यात फझल नव्हता. तो दबंग दिल्लीत गेला.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये अंतिम सामना झाला, दबंग दिल्ली विरुद्ध अस्लम इनामदारची पुणेरी पलटण. शेवटच्या मिनिटात पुणेरीचा चढाईवाला बरोबरी साधायला आत शिरला आणि फझलने त्याला धरला. दिल्ली ३१, पुणेरी २८.